‘एअर-कूल्ड क्लासिक कूपे विकणे आहे’: जाहिरात बघून टोकन पाठवण्याआधी हे नक्की वाचा!

रात्री जेवण झालंय, मोबाईलवर रील्स सरकतायत आणि मध्येच एक गाडी येते. लालभडक रंग, क्रोमचे चकाकणारे बंपर, मागे हळूहळू उतरत जाणारं गोलसर छप्पर. खाली ओळ असते : ‘रिस्टोअर्ड आणि अपग्रेडेड एअर-कूल्ड क्लासिक कूपे, विकणे आहे.’

गाडी मुंबईत किंवा पुण्यात, आणि बघणारा जळगावच्या पिंप्राळ्यात. विकणारा म्हणतो, “आजच टोकन टाका, उद्या राहणार नाही.”

थांबा! त्या एका ओळीतल्या प्रत्येक शब्दाला अर्थ आहे. त्यातला ‘अपग्रेडेड’ हा शब्द तर दुधारी आहे. त्याच्यामुळे गाडी चालवायला सोपी होते, पण तीच गाडी आरटीओच्या दारात अडकूही शकते. कसं, ते जाणून घेऊया.

कूपे म्हणजे काय?

हा शब्द खान्देशाला नवा नाही. भुसावळसारखं जंक्शन जवळ असल्यावर रेल्वेच्या फर्स्ट क्लासमधला दोन बर्थचा ‘कूपे’ अनेकांना माहीत असतो. रेल्वेचा कूपे आणि गाडीचा कूपे, दोन्ही एकाच फ्रेंच शब्दातून आले. त्याचा अर्थ ‘कापलेला’. पूर्वी मोठी घोडागाडी कापून लहान केली की तिला कूपे म्हणत.

मोटारीत कूपे म्हणजे दोन दरवाजे, पक्कं छप्पर आणि मागे उतरता आकार. पुढे दोघं आरामात बसतात. मागची सीट असलीच तर नावापुरती.

एअर-कूल्ड म्हणजे नेमकं काय?

आजच्या गाड्यांमध्ये इंजिनाभोवती पाणी फिरतं. ते गरम झालं की रेडिएटरमध्ये जाऊन थंड होतं आणि परत येतं. एअर-कूल्ड इंजिनात रेडिएटर नसतो, कूलंट नसतं, पाण्याचा पंपही नसतो. इंजिनाची उष्णता थेट हवेत जाते.

बुलेट किंवा राजदूतच्या इंजिनावर पातळ पात्यांची नक्षी दिसते ना? ती शोभेसाठी नसते. धातूचा हवेशी जास्तीत जास्त संपर्क व्हावा म्हणून ती पाती असतात. शेतकऱ्यांना आयशरचे जुने एअर-कूल्ड ट्रॅक्टरही आठवत असतील. तत्त्व तेच.

फरक असा की दुचाकीचं इंजिन उघड्यावर असतं, त्याला वारा आपोआप लागतो. या कूपेंमध्ये इंजिन मागच्या बाजूला, झाकणाखाली असतं. म्हणून तिथे मोठा पंखा बसवलेला असतो. तो पट्ट्यावर फिरतो आणि पत्र्याच्या आवरणातून हवा सिलिंडरांवर ढकलतो. उरलेलं काम इंजिन ऑइल करतं. जुन्या पोर्शे 911 मध्ये नऊ लिटरच्या आसपास ऑइल लागतं ते यासाठीच.

या गाड्या कोणत्या?

या घराण्याची मूळ गाडी म्हणजे फोक्सवॅगन बीटल. फर्डिनांड पोर्शे यांनी तिची रचना केली. ती स्वतः कूपे म्हणून ओळखली जात नाही, पण तिच्याच सांगाड्यावर आणि इंजिनावर कारमान घिया ही देखणी कूपे उभी राहिली. आकार इटलीच्या घिया कंपनीचा, बांधणी जर्मनीच्या कारमानची. 1955 ते 1974 या काळात ती बनली.

दुसरी शाखा पोर्शेची. फर्डिनांड यांचे चिरंजीव फेरी पोर्शे यांनी 1948 मध्ये 356 ही गाडी आणली. त्यात फोक्सवॅगनचे बरेच भाग होते. पुढे 1963 च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ‘901’ दिसली. मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजो कंपनीने हक्क सांगितला, म्हणून तिचं नाव 911 झालं.

प्रदूषण आणि आवाजाचे नियम कडक झाले तसं हवेवर थंड होणारं इंजिन मागे पडलं. शेवटची एअर-कूल्ड 911 बनली 1998 मध्ये. बीटल मेक्सिकोत 2003 पर्यंत तग धरून होती. आता नवीन बनत नाहीत, जुन्या दरवर्षी कमी होतात, म्हणून त्यांचे भाव चढे आहेत.

रिस्टोअर आणि अपग्रेड : दोन वेगळ्या गोष्टी

रिस्टोअर करणं म्हणजे गाडी कारखान्यातून निघाली तशी परत करणं. तोच रंग, तसंच कापड, त्याच मापाचं इंजिन.

अपग्रेड म्हणजे जुन्या अंगात नव्या सोयी घालणं. या गाड्यांमध्ये साधारण असे बदल दिसतात :

• 6 व्होल्टची जुनी वायरिंग काढून 12 व्होल्टची
• पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन
• पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक
• जास्तीचा ऑइल कूलर
• एसी
• मोठ्या सीसीचं इंजिन किंवा कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन

अमेरिकेतल्या सिंगर कंपनीने हा प्रकार फार वरच्या पातळीवर नेला. 1989 ते 1994 दरम्यानच्या 911 घेऊन ती त्या जवळपास नव्याने घडवते. इंटरनेटवर दिसणाऱ्या बऱ्याच चकचकीत गाड्यांची प्रेरणा तीच आहे.

पण अमेरिकेत जे चालतं, ते आपल्याकडे चालेलच असं नाही.

खरी गोम : कागद

जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षांहून जास्त काळ झालेली, खाजगी वापरातली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये लागतात आणि ती 10 वर्षं चालते. पुढच्या नूतनीकरणाला 5,000 रुपये. नंबरप्लेटवर ‘VA’ ही अक्षरं येतात. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो.

आता अट बघा. गाडीच्या चेसिसमध्ये, बॉडीमध्ये किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. म्हणजे जाहिरातीत ज्या मोठ्या इंजिनाची फुशारकी मारली आहे, तेच विंटेज नोंदणीच्या आड येऊ शकतं!

दुसरी अट वापराची. विंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. पिंप्राळ्याहून रोज एमआयडीसीत कामावर जायला ती चालणार नाही.

मग साधी नोंदणीच ठेवली तर? ठेवता येते, पण तिथेही दोन अडथळे आहेत.

पहिला, मोटार वाहन कायद्याचं कलम 52. कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी आरसी बुक जुळणार नाही असा बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी 2019 मध्ये हेच स्पष्ट केलं.

दुसरा अडथळा खर्चाचा. ऑगस्ट 2025 च्या नियमांनुसार 20 वर्षांहून जुन्या, आयात केलेल्या चारचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाला 80,000 रुपये शुल्क आहे. फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर वेगळा.

परदेशातून मागवण्याचा विचार असेल तर? पूर्वी 1950 च्या आधीच्या गाड्यांनाच विंटेज म्हणून आयातीची मोकळीक होती. 2025 मध्ये सरकारने ती 50 वर्षांहून जुन्या गाड्यांना दिली. त्यामुळे जुनी कारमान घिया या दारातून येऊ शकते, सीमाशुल्क मात्र जबर आहे. 1990 ची 911 येऊ शकत नाही, कारण ती विंटेज ठरण्याइतकी जुनी नाही. सेकंडहँड गाडी म्हणून आणायची तर ती तीन वर्षांच्या आतली लागते. म्हणजे तिला दोन्ही दारं बंद.

थोडक्यात, विक्रेत्याला पहिला प्रश्न ‘किती पळते?’ हा विचारायचा नाही. ‘आरसीवर काय लिहिलंय आणि गाडीत काय बसवलंय?’ हा विचारायचा.

जळगावच्या उन्हात ही गाडी टिकेल का?

हा प्रश्न खान्देशात हमखास पडणार. मे महिन्यात पारा 44-45 च्या पुढे जातो आणि इथे इंजिन थंड करायला फक्त हवाच!

साधा हिशोब करू. समजा इंजिनाची पाती 175 अंशांवर आहेत. हवा 25 अंशांची असेल तर फरक 150 चा. हवा 45 अंशांची झाली की फरक 130 वर येतो. उष्णता या फरकावरच बाहेर पडते. म्हणजे मे महिन्यात थंड होण्याची ताकद साधारण आठव्या हिश्श्याने कमी. त्यात गरम हवा विरळ असते, तो तोटा वेगळा.

तरीही घाबरायचं कारण नाही. बीटलचं इंजिन ब्राझील आणि मेक्सिकोच्या उन्हात वर्षानुवर्षं चाललं. त्याच कुळातल्या लष्करी गाड्या दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात धावल्या. मात्र थंड ठेवणारी व्यवस्था पूर्ण आणि धड असायला हवी.

इथेच बऱ्याच ‘रिस्टोअर्ड’ गाड्या नापास होतात. इंजिनावरचं पत्र्याचं आवरण बाहेरून दिसत नाही, म्हणून रंगारंगोटीत त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. इंजिनाच्या कडेची रबरी पट्टी गायब असली तर खालची तापलेली हवा परत वर येते आणि पंखा तीच फिरवत राहतो. गाडी दिसते सुंदर, पण चार किलोमीटरच्या ट्रॅफिकमध्ये तापते. पंखा इंजिनाच्या वेगावर फिरतो. गाडी रेंगाळली की वाराही मंदावतो.

काही अपग्रेड इथे खरोखर कामाचे आहेत. बीटलच्या जुन्या इंजिनात ऑइल कूलर हवेच्या वाटेतच होता, त्यामुळे एक सिलिंडर जास्त तापायचा. 1971 च्या मॉडेलपासून कंपनीने कूलर बाजूला सरकवला. जुन्या इंजिनावर ही व्यवस्था बसवलेली असेल तर ती जमेची बाजू समजा.

गाडी बघायला जाताना हे तपासा

1. गंज : रंगावर भुलू नका. पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक बॉडीवर फिरवा. जिथे ते चिकटत नाही, तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. गाडी लिफ्टवर घेऊन तळाचा पत्रा बघा. कारमान घियाचं नाक कारागिरांनी सांधे भरून, कानशीने घासून घडवलेलं असायचं. ते एकदा ठोकलं गेलं की नीट करणं महाग पडतं. 1976 च्या आधीच्या 911 ना गंजाची धास्ती जास्त, कारण संपूर्ण बॉडीच्या पत्र्याला जस्ताचा मुलामा देणं त्यानंतर सुरू झालं.

2. नंबर : चेसिस आणि इंजिनावरचे ठोकलेले नंबर स्वतः वाचा, आरसीशी जुळवा. आयात गाडी असेल तर कस्टमचा मूळ कागद मागा. एमपरिवहन ॲपवर नोंदणी तपासा.

3. पेट्रोलचे पाइप : हा मुद्दा जिवाचा आहे. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या रबराला ते मानवत नाही, पाइप चिरतो. इंजिन मागे, झाकणाखाली, आणि बीटल-घियाच्या इंजिनाचा मुख्य भाग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा. तो पेटला की विझवणं कठीण. इथेनॉल सोसणारे नवे पाइप बसवल्याचं बिल बघा आणि गाडीत अग्निशामक ठेवा.

4. पंख्याचा पट्टा : हा तुटला की पंखा थांबतो. तेव्हा गाडी ‘घरापर्यंत नेऊ’ म्हणणं म्हणजे इंजिन गमावणं. ताबडतोब बाजूला घ्यायची. डिकीत जादा पट्टा आणि पाना हवाच.

5. थंड इंजिनावर सुरू करा : विक्रेत्याने आधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर संशय घ्या. नंतर किमान अर्धा तास, भर दुपारी, चालवून बघा.

6. कामाचे फोटो आणि बिलं : खरं रिस्टोरेशन करणाऱ्याकडे गाडी उघडी असतानाचे फोटो असतात. फक्त ‘नंतरचे’ फोटो असतील तर ते डेंटिंग-पेंटिंग समजा.

7. काढलेले मूळ भाग : जुना कार्ब्युरेटर, जुनं इग्निशन, जुनी चाकं गाडीसोबत मागा. परत बसवता येणारा बदल परवडतो. चेसिस कापून केलेला बदल मागे फिरत नाही.

मग घ्यावी की नाही?

हौसेला मोल नसतं, पण हौसेच्या गाडीलाही कागद लागतात. ज्याला रविवारी सकाळी गाडी बाहेर काढून रॅलीत न्यायची आहे, त्याने 50 वर्षं ओलांडलेली आणि मूळ रूपाच्या जवळची गाडी शोधावी. ब्रेक, वायरिंग, पाइप, कूलर असे सुरक्षिततेचे आणि परत फिरवता येणारे बदल असतील तर आधी आरटीओकडून खात्री करून घ्यावी. ज्याला रोज चालवायची आहे, त्याने या वाटेला न गेलेलंच बरं. आणि इंजिन बदललंय पण आरसीवर त्याचा पत्ता नाही, अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी ती महागच.

तुमच्या घरी किंवा गावात अशी जुनी एअर-कूल्ड गाडी आहे का? बीटल असो, बुलेट असो वा आयशर, तिची गोष्ट कमेंटमध्ये सांगा. आणि जो मित्र सध्या अशा जाहिरातींखाली ‘प्राइस?’ विचारत फिरतोय, त्याला हा लेख आधी पाठवा!