'खानदेश' नांवाचा निवाडा

खानदेश, खानदान, कारखाना आणि खाणावळ हे शब्द एका ओळींत मांडले, तर एकाच कुळांतले वाटतात. परंतु येथें कानाची साक्ष फसवी आहे. 'खान' ही मध्य आशियांतील तुर्क-मोंगलांची पदवी. खानदान व कारखाना यांच्या मुळाशीं घर या अर्थाचा फारसी शब्द. आणि खाणावळ ही आपल्या 'खाणें' या शब्दाची, म्हणजे संस्कृत 'खाद्' धातूची लेक.

मग खानदेशांतील 'खान' कोणता? 'आईन-इ-अकबरी'कार अबुल फज्ल सांगतो कीं, फारूकी घराण्यांतील नसीर यास मिळालेल्या 'खान' या किताबावरून हें नांव पडलें. दुसरा पक्ष म्हणतो, मूळ शब्द 'कान्हदेश', म्हणजे कृष्णाचा देश. येथील अहिरांची जुनी वस्ती व अहिराणी बोली हा त्याचा आधार. नसीर १३९९ मध्यें गादीवर आला. तेव्हां निवाडा करावयाचा तो त्यापूर्वींच्या लेखांवरून, अर्थाच्या गोडीवरून नव्हे.

ही गोडी किती फसवी, याचा दाखला येथेंच आहे. १६०१ मध्यें अशीरगड घेतल्यावर अकबरानें राजपुत्र दानियाल याच्या नांवावरून या प्रांतास 'दानदेश' म्हटलें. त्या काळचे लेख नसते, तर आपण 'दानशूरांचा देश' असाच अर्थ खचित लाविला असता!

१९०६ मध्यें या मुलखाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. १९६० मध्यें त्यांस जळगांव व धुळें हीं नांवें मिळालीं. दानदेश विसरला गेला. खानदेश मात्र लोकांच्या जिभेवर राहिला.