पुडीचा कागद

गडहिंग्लजमध्ये आमचं छोटं किराणा दुकान आहे. मी शाळेत असताना तिथं रद्दीच्या कागदात पुड्या बांधल्या जायच्या. आई वर्तमानपत्राचा चौकोन फाडायची, पण त्यावर डाळ ओतायच्या आधी तिची नजर कागदावरून फिरायची. कधीकधी फारच वेळ फिरायची. “आई, गिऱ्हाईक थांबलंय,” मी ओरडायचो. “थांब की रे, एवढं वाचू दे,” ती म्हणायची.

पुढं मी इंजिनिअर झालो, पुण्याला नोकरी लागली आणि हे सगळं विसरून गेलो. वर्क फ्रॉम होम घेऊन घरी आलो असताना बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ वाचलं, तेव्हा ते एकदम आठवलं. कारण हे पुस्तकही एका किराणा दुकानात लिहिलं गेलं आहे, फलटणमध्ये.

बेबीताईंचा जन्म १९२९ सालचा, वीरगावचा, आजोळी. वडील ठेकेदार होते. हातचं राखून न ठेवणारा दिलदार माणूस, पण बायकोला घराबाहेर पडू द्यायचे नाहीत, आणि त्यात त्यांना मोठेपणा वाटायचा. फलटणला बेबीताई चौथीपर्यंत शिकल्या. वर्गात सवर्णांच्या मुली जास्त, महारांच्या मोजक्या. शिवाशिव होतीच, पण या मोजक्या मुली गप्प बसणाऱ्या नव्हत्या, भांडायच्या. बाबासाहेब आंबेडकरांचं ‘पोरांना शिकवा’ हे सांगणं तोवर वस्तीत पोचलं होतं. तेराव्या वर्षी बेबीताईंचं लग्न झालं, भटजीशिवाय.

नवऱ्याला नोकरी नव्हती. त्यांनी आधी द्राक्षं विकली, मग भाजी, आणि हळूहळू किराणा दुकान उभं केलं. मुलंबाळं, चूल आणि गल्ला, सगळं एकाच वेळी. माल बांधायला आणलेल्या रद्दीत जे सापडेल ते त्या वाचायच्या. त्या कागदांनी वाचायचा नाद लावला, आणि वाचता वाचता त्या लिहू लागल्या. दुकानात बसून, नवऱ्याच्या नजरेआड. वह्या जुन्या कागदांखाली लपवायच्या. असं किती वर्षं? वीस.

या आकड्यापाशी मी अडकलो. माझा लॅपटॉप बंद पडून दोन तासांचं काम गेलं तर मी दिवसभर चिडचिड करतो. ‘जिणं आमुचं’ १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आलं आणि १९८६ मध्ये त्याचं पुस्तक झालं. दया पवारांचं ‘बलुतं’ आलं १९७८ मध्ये आणि त्यावर महाराष्ट्रभर चर्चा झाली. हिशोब करून बघा. त्या वेळी फलटणच्या एका दुकानात हे लिखाण कागदांखाली पडून होतं. तिथं राहणाऱ्या भाषाअभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांनी पाठ थोपटली, म्हणून ते बाहेर आलं.

पुस्तकात काय आहे? उपासमार आहे, मेलेल्या जनावरांचं मांस आहे, येसकराची पाळी आहे. आषाढातले सण आहेत, बायकांच्या अंगात येणाऱ्या देवी आहेत. थोरला मुलगा देवाला सोडून पोतराज करायची रीत आहे. आणि सासुरवास आहे. पळून जाणाऱ्या सुनेच्या पायात लाकडाचा खोडा अडकवायचे, तिचं नाक कापण्यापर्यंत मजल जायची. बेबीताई गावावर रागावतात, पण स्वतःच्या वस्तीलाही सोडत नाहीत. जगानं आपल्याला गुलाम केलं आणि आपण घरात सुनांना गुलाम केलं, हा त्यांचा मुद्दा आहे.

पण एक गोष्ट पुस्तकात जवळजवळ नाहीच: त्यांचा स्वतःचा संसार. २००८ साली माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आला. त्यासोबत बेबीताईंची मुलाखत आहे. त्यात त्या सांगतात, नवरा संशयी होता, मारायचा. एकदा दोघं सभेसाठी मुंबईला निघाले होते. गाडीच्या डब्यात गर्दी होती, काही पोरं बेबीताईंकडं बघत होती. तेवढ्यावरून त्यानं असं मारलं की नाकातून रक्त आलं. चळवळीच्या सभेला निघालेलं जोडपं होतं ते.

मग हे पुस्तकात का नाही? पहिल्यांदा वाटलं, भीती. नंतर नावाकडं नीट बघितलं. ‘जिणं माझं’ नाही, ‘आमुचं’. सगळ्यांचं सांगून झाल्याशिवाय त्या स्वतःकडं वळल्याच नाहीत. हा त्यांचा मोठेपणा आहेच. पण याच सवयीमुळं घराघरांतल्या किती गोष्टी कायमच्या झाकल्या गेल्या असतील, हेही मनातून जात नाही.

आमच्या भागाला हे परकं नाही. पोतराजाला जशी मुलं, तशा यल्लम्माला मुली सोडायची रीत या सीमाभागात होती. प्रा. विठ्ठल बन्ने आणि त्यांच्या सहकाऱ्यांमुळं गडहिंग्लज देवदासी मुक्तीच्या चळवळीचं एक केंद्र झालं. तरी शाळेत मला यातलं काही शिकवलं नाही. सामानगड मात्र दरवर्षी दाखवला.

बेबीताई लिहून थांबल्या नाहीत. फलटणजवळ त्यांनी वंचित जातींतल्या मुलांसाठी आश्रमशाळा काढली. चौथी शिकलेल्या बाईनं काढलेली शाळा. २०१२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या.

माझी आई आणि बेबीताई यांची बरोबरी होऊ शकत नाही. आईनं उपासमार बघितलेली नाही, तिला कुणी विहिरीवरून हाकललेलं नाही. पण कागद वाचताना तिला घाई कोण करत होतं, याचं उत्तर मला माहीत आहे. मीच करत होतो.

पुस्तक आईला दिलं. दोन दिवसांनी विचारलं, कुठवर आलं? म्हणाली, “चार पानं झाली. बसायला मिळतंय कुठं?” आता दुकानात प्लॅस्टिकच्या पिशव्या आहेत, वाचायला पुडीचा कागदही उरला नाही. म्हणून हल्ली संध्याकाळी लॉग आउट केल्यावर दोन तास गल्ल्यावर मी बसतो. आई आत असते. गिऱ्हाईक भाव विचारतं, मला तो माहीत नसतो, पण मी हाक मारत नाही.