सामायिक स्मृतिखंडांचे नामकरण

अनेक प्रक्रिया मिळून वापरत असलेल्या स्मृतिखंडाला परिचालन प्रणालीच्या साधनांना ओळखता येईल अशी खूण देण्याची पद्धत (पहा : आंतरप्रक्रिया संप्रेषण).

युनिक्सच्या सिस्टिम फाइव्ह परंपरेत खंडाला नाव नसून अंकी किल्ली असते. ‘एफटोक’ हे फंक्शन फाइलच्या मार्गावरून ती तयार करते. आयनोड क्रमांकाचे मोजकेच बिट घेतले जात असल्याने दोन फाइलींची किल्ली एकच निघू शकते. ‘आयपीसीएस -एम’ ही आज्ञा किल्ली, मालक, परवानग्या, आकार व जोडण्यांची संख्या दाखवते. खासगी खंडापुढे मात्र नुसते शून्य दिसते. तो कशासाठी आहे, याचा बोध होत नाही.

पॉझिक्स मानकात तिरप्या रेघेने सुरू होणारे अक्षरी नाव आले. लिनक्सवर असे खंड ‘/डेव्ह/एसएचएम’ निर्देशिकेत फाइलींसारखे दिसतात. लिनक्स 3.17 (2014) मधील ‘मेमएफडी_क्रिएट’ला दिलेले नाव केवळ दोषशोधनासाठी असते, ते अनन्य असावे लागत नाही. निनावी सामायिक स्मृतीला नाव देण्याची सोय 6.2 (2023) या आवृत्तीत झाली (पहा : आभासी स्मृती).

ही नावे प्रक्रियेच्या ‘मॅप्स’ फाइलीत उमटतात, त्यामुळे कोणत्या घटकाने किती स्मृती व्यापली याचा छडा लागतो. प्रक्रिया संपली तरी सिस्टिम फाइव्ह आणि पॉझिक्स खंड आपोआप जात नाहीत. ते अनुक्रमे ‘आयपीसीआरएम’ आज्ञेने व ‘एसएचएम_अनलिंक’ फंक्शनने काढता येतात.