यंत्र विकायला का निघालं?

ऋषिपंचमीला रथ ओढायला म्हणून दरवर्षी तासगावला जायचं ठरवतो आणि तीन वर्षांतून एकदा जमतं. यंदा जमलं. रथ देवळाकडे परतल्यावर शाळेतल्या एका मित्राच्या दुकानात टेकलो. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कातड्याचं काम. पायताणं, कंबरपट्टे, बैलांच्या गळ्यातले घुंगरांचे पट्टे. त्याने चहा सांगितला आणि लगेच मुद्द्यावर आला.

"पट्ट्या कापायचं मशीन घ्यायचंय. इचलकरंजीत एक जुनं मिळतंय, नव्याच्या निम्म्याहून कमी पैशात. पोरगा म्हणतो नवंच घेऊ, हप्ते भरू. अण्णा म्हणतात जुनं घे, डोक्यावर कर्ज नको. तू शिकलेला आहेस, सांग."

आता मी शिकलोय इतिहास. यंत्रातलं मला काय कळणार? पण त्याने ते समजावून सांगितलं तेव्हा जाणवलं की गोष्ट फार गुंतागुंतीची नाही. समोरासमोर दोन दांडे, त्यांवर गोल पाती, दोन पात्यांच्या मध्ये वॉशर. वॉशर जेवढा जाड तेवढी पट्टी रुंद. कातडं एका बाजूने सारलं की दुसऱ्या बाजूने सारख्या मापाच्या पट्ट्या बाहेर. रांपीने अण्णा जे काम अख्ख्या सकाळी करतात ते घटकाभरात. मात्र कातड्याची पहिली कड सरळ करून घ्यावी लागते ती हातानेच. आणि यंत्राला पोट-पाठ कळत नाही. पाठीचं कातडं घट्ट, पोटाकडचं सैल, ओढलं की ताणणारं. रांपी धरलेला हात गोचिडीचा डाग आला की वळतो. यंत्र सरळ जातं.

मी त्याला एकच विचारलं, "ते विकायला का निघालंय?"

"त्यांचं काम बंद झालं म्हणून."

इथे मला माझा विषय सापडला. जुनं यंत्र दोन कारणांनी विकायला निघतं. एक तर ते थकलेलं असतं, नाहीतर त्याचं काम संपलेलं असतं. पहिलं कारण तपासता येतं. दांडा हलवून बघा, बुश सैल असतील तर कळतं. पाती धार लावून लावून किती लहान झालीत ते मोजा. दुसरं कारण मात्र यंत्रात दिसत नाही, त्यासाठी आजूबाजूचा मुलूख बघावा लागतो.

इचलकरंजीचंच घ्या. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपड्यांचं पाठबळ होतं. पुढे गाव यंत्रमागांचं झालं, आणि त्यातले कितीतरी माग मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले. म्हणजे जुनं यंत्र घेण्याची परंपरा त्या गावाच्या पायातच आहे! त्या मागांवर धोटा इकडून तिकडे फेकायला काठीला चामड्याचा पट्टा लागायचा. दर मिनिटाला शंभराहून जास्त वेळा हिसका बसणारा पट्टा किती टिकणार? त्यामुळे पट्टे कापणाऱ्यांना काम कायमचं. मग बिनधोट्याचे माग आले. धोटाच नाही तर त्याचा पट्टा कशाला? मित्राला मिळत असलेलं मशीन अशाच एका कारखान्यातलं. यंत्र धडधाकट, काम गेलेलं.

असंच आपल्याकडे आधी एकदा झालंय. तासगाव तालुका सातारा जिल्ह्यात होता तेव्हाची, म्हणजे १९४९ च्या आधीची गोष्ट. विहिरीवर मोट. मोट म्हणजे चामड्याची प्रचंड पिशवी, तिला वर ओढायला नाडा, तोंड मोकळं करायला सोंदूर. मोट करायची, फाटली की शिवायची, ठिगळ लावायचं, हे चांभाराचं काम. कातडं कमवायचं ढोरांनी, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात मुरवून. सुगीला बलुतं म्हणून धान्य मिळायचं. ते पुरेसं मिळायचं, मानाने मिळायचं असं कुणी म्हणू नये. मोटेच्या पाण्यावर पिकलेलं धान्य घरात घेणारे मोट शिवणाऱ्याला ओसरीवर चढू देत नव्हते. (हल्ली मोटेच्या आठवणी लिहिताना ही बाजू गाळायची पद्धत आहे.) पण काम होतं. आसूडाच्या वाद्या, जोती, पायताणं, सगळं त्याच हातांतून जायचं. फुल्यांनी १८८३ मध्ये आपल्या पुस्तकाला 'शेतकऱ्याचा असूड' हे नाव दिलं, तेव्हा आसूड काय असतो हे कुणाला सांगावं लागत नव्हतं.

ते काम ज्याने संपवलं तेही जवळच तयार झालं. १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर, कुंडलजवळ, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला. आधी नांगर, चारा कापायची यंत्रं, नंतर १९२० च्या दशकात पंप. १९४६ मध्ये पुण्याला किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला. इंजिन आणि पंप विहिरीवर आले आणि मोट गेली. गंमत म्हणजे इंजिनावरून पंप फिरवायलाही पट्टा लागायचाच! पण तो कॅनव्हासचा, रबराचा. गावच्या चांभाराकडे तो कुणी मागायला गेलं नाही.

मोट गेली म्हणून मला हळहळ वाटत नाही. बैलांच्या मागे दिवसभर धावेवरून खाली-वर करणाऱ्या माणसाला विचारा. पण ज्याचं काम गेलं त्याला पंप घेताना कुणी मोजलं नाही, एवढं खरं.

मित्राच्या दुकानात कोपऱ्यात सिंगरचं २९के उभं आहे. गावोगाव चांभाराच्या दुकानात दिसतं ते, पाय चहूकडे फिरणारं. 'के' म्हणजे स्कॉटलंडमधलं किलबोवी. तो कारखाना १९८० मध्ये बंद पडला. अण्णांनी हे जुनंच घेतलं होतं आणि अजून चालतंय. याच सिंगर कंपनीने १८५० च्या दशकात अमेरिकेत एक शक्कल काढली. तिचे भागीदार एडवर्ड क्लार्क यांनी हप्त्यांवर विक्री सुरू केली, शिवाय जुनं मशीन आणून द्या, नव्यात ५० डॉलर कमी करतो, असं जाहीर केलं. आलेली जुनी मशीनं कंपनी मोडून टाकायची. बिघडलेली होती म्हणून नव्हे, ती चालत राहिली तर नव्याला गिऱ्हाईक कमी होईल म्हणून. हे सांगितल्यावर अण्णा पहिल्यांदा बोलले. "मग आमचं बरोबरच आहे की."

पोरगा गप्प बसणारा नव्हता. "काका, पण आपलं काम टिकेल कशावरून?" प्रश्न रास्त होता. कोल्हापुरी चपलेला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे, त्यांत सांगली आणि सातारा दोन्ही. २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडाने तसल्याच चपला मिरवल्या आणि मूळ नाव घेतलं नाही म्हणून गदारोळ झाला, तेव्हा दुकानात विचारायला माणसं आली. पण २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. त्यामुळे भर म्हशीच्या कातड्यावर, आणि ते सगळं एका जाडीचं कधीच येत नाही. मागाचे पट्टे कापणाऱ्या यंत्राला हे कातडं झेपेल का, हा खरा प्रश्न. मी म्हटलं, "जाताना आपलंच कातडं घेऊन जा. पाठीचं आणि पोटाचंही. त्यांनी दाखवलेल्या तुकड्यावर भुलू नका."

दिवाळीत फोन आला. बापलेक दोघं गेले होते. पाठीचं कातडं सुरेख कापलं गेलं, पोटाचं दोन पात्यांत गुंडाळलं गेलं. वरचा दांडा थोडा खाली घेतल्यावर ठीक झालं. पाती अर्धी झिजलेली, बुश एका बाजूचे गेलेले. तरी घेतलं. वॉशरचा सगळा डबा आणि पात्यांचा एक न वापरलेला संच वर मागून घेतला. बुश मिरजेत लेथवर करून घेतले. वाचलेल्या पैशातून कातडं भरून ठेवलं.

घुंगरांचे आणि कमरेचे पट्टे आता मशीनवर होतात. चपलेच्या अंगठ्याचं नि कानांचं काम अण्णांनी रांपीवरच ठेवलंय. पोरगा अजून नव्या मशीनची माहितीपत्रकं जमवतोय, असं मित्र हसत सांगत होता.