रुग्णालयातून व्यासपीठाकडे

दुसऱ्या महायुद्धात हवाई दलाची चाकरी बजावून अ‍ॅडलेडला परतलेल्या जेफ्री मेटलंड यांनी १९४६ ते १९४९ या काळात फिजिओथेरपीचे शिक्षण घेतले, तेव्हा या व्यवसायाला वैद्यकाच्या दरबारात आज्ञाधारक कारकुनाहून फारशी मोठी प्रतिष्ठा नव्हती. रॉयल अ‍ॅडलेड रुग्णालयात पाठीच्या दुखण्याचे रोगी तपासावेत आणि आठवड्यातला अर्धा दिवस ग्रंथालयात घालवावा, असा त्यांचा परिपाठ होता. माझ्या मते त्यांच्या अध्यापकत्वाचा खरा पाया त्या अर्ध्या दिवसातच घातला गेला.

१९५४ साली ते अंशकालीन अध्यापक झाले. १९६१ साली पत्नीसह ते परदेशच्या अभ्यासदौऱ्यावर निघाले आणि लंडनमध्ये, ऑस्टिओपॅथी या हस्तोपचारपद्धतीवर कठोर टीका करणारे सिरिअ‍ॅक्स आणि त्याच शास्त्राचे पुरस्कर्ते स्टॉडर्ड, या दोघांचीही पद्धती त्यांनी जिज्ञासूच्या निःपक्षपाती वृत्तीने न्याहाळली. (पंथाभिमानाची बाधा न होता दोन्ही घरची विद्या घेणारे विरळाच!) १९६४ साली मणक्यांवरील हस्तोपचाराविषयीचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि पुढच्याच वर्षी अ‍ॅडलेडमध्ये तीन महिन्यांचा अभ्यासक्रम सुरू झाला.

सांध्याला दिलेल्या हालचालीची श्रेणी ठरवावी, रोग्याची तक्रार तपशीलवार नोंदवावी आणि प्रत्येक उपचारानंतर परिणामाची पुन्हा रुजुवात घ्यावी, ही त्यांची शिस्त. पुढे स्वित्झर्लंडमधील बाड रागाझ येथे युरोपीय विद्यार्थ्यांना शिकवतानाही ते वर्गासमोर प्रत्यक्ष रोगी तपासत.