मागच्या बोळातली झाकणं

सोसायटीचा इतिहास म्हटला की भूमिपूजन आणि पहिला गणपती आठवतो. मी मात्र मागच्या बोळातल्या झाकणांबद्दल लिहिणार आहे.

२५ वर्षांपूर्वी शहाद्यात आपण घरं बांधली, तेव्हा प्रत्येकाने संडासाला सेप्टिक टाकी आणि पुढे शोषखड्डा केला. न्हाणीचं, मोरीचं पाणी उघड्या गटारीत. टाकीत मैला तळाशी बसतो, हवेविना जगणारे जंतू तो काही अंशी पचवतात आणि वरचं पाणी शोषखड्ड्यातून जमिनीत मुरतं. निदान मुरावं! पण आपली जमीन पडली काळी. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात फुगून घट्ट. मग खड्डा तुंबतो आणि तेही पाणी गटारीला लागतं. गटारीचा उतार गोमाईकडे. गोमाई प्रकाशाला तापीत मिळते, तापी पुढे उकाई धरणात, आणि तिथून सुरतेला. प्रकाशाच्या संगमावर आंघोळीला जातो आपणच, ते वेगळं.

टाकीतला गाळ दोन-तीन वर्षांनी उपसायचा असतो. आपल्याकडे तुंबल्यावरच आठवण होते. आधी माणूस आत उतरायचा. त्या वायूने क्षणात जीव जातो. २०१३ च्या कायद्याने साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा ठरलं. आता टँकर येतो. वाईत तर २०१८ पासून नगरपालिकाच पाळीपाळीने घरोघरच्या टाक्या उपसून गाळ प्रक्रियेला नेते.

येत्या वार्षिक सभेत कोणाची टाकी कधी उपसली, याची यादी मांडणार आहे. ज्यांनी झाकणावर फरशी बसवली, त्यांनी जागा तेवढी आठवून ठेवावी.