रेडिएटर धुण्याचा प्रश्न

झाई हे डहाणू-तलासरीच्या किनाऱ्यावरचे महाराष्ट्राचे टोक. पलीकडे लगेच गुजरातचा उंबरगाव तालुका. अशा किनाऱ्यावरच्या अंगणात उभ्या असलेल्या मोटारीचा रेडिएटर धुवावा का, आणि धुवायचा तर कशाने, हा प्रश्न संशोधनाचा विषय वाटणार नाही. पण गॅरेजांतून ऐकू येणारे सल्ले मी जुन्या मोटारींच्या बांधणीशी ताडून पाहू लागलो, तेव्हा ध्यानात आले की प्रत्येक सल्ला कुठल्या ना कुठल्या धातूसाठी जन्मला होता. धातू बदलला, सल्ला मात्र तोच राहिला.

पूर्वी रेडिएटरमध्ये विहिरीचे नाहीतर नळाचे पाणी भरत. जड पाण्यातला विरघळलेला चुना तापला की वेगळा होतो आणि भिंतीला धरतो. बंबात धरते तीच ही पुटे. ती उष्णता अडवतात आणि अरुंद नळ्या बुजवतात. घाट चढताना बॉनेट उघडून थांबलेल्या गाड्यांमागे पुष्कळदा हेच कारण असे. त्यावर उपाय धुण्याच्या सोड्याचा. सोडा घातलेले पाणी गाडी चालवून फिरवायचे, काढायचे, पुन्हा साधे पाणी भरायचे.

अॅम्बॅसडरला हे चालून गेले. तिच्यात दीर्घकाळ असलेल्या १,४८९ सीसी इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, हेडही बिडाचे. सोडा बिडाला खात नाही. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट ११००, म्हणजे पुढची पद्मिनी, हिची गोष्ट वेगळी. १,०८९ सीसीच्या त्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, पण हेड अॅल्युमिनियमचे, आणि रेडिएटर तांब्या-पितळेचा. एकाच पाण्यात तीन जातींचे धातू! अशा पाण्यात क्षार असले की त्याची जणू बॅटरी होते आणि तिघांतला दुबळा धातू, अॅल्युमिनियम, झिजत जातो. त्यात अॅल्युमिनियमवरचे संरक्षक कवच सोडा विरघळवतो. अॅम्बॅसडरचे औषध फियाटला अपाय करणारे होते ते असे. १९९३च्या मारुती झेनचे इंजिन तर ब्लॉकसकट अॅल्युमिनियमचे.

झाईच्या मच्छीमारांना हे वेगळे सांगावे लागू नये. लोखंडाऐवजी जस्त झिजावे म्हणून बोटींना जस्ताचे तुकडे बसवतात, त्यामागचे शास्त्र हेच. किनाऱ्यावरच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. असे पाणी अॅल्युमिनियमला बारीक खड्डे पाडते. तेव्हा इथे 'घरचेच पाणी ओता' हा सल्ला घाटमाथ्यापेक्षा महाग पडतो.

कूलंटबद्दलचा गैरसमजही जुना आहे. इथिलीन ग्लायकॉल थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून वापरात आले. डहाणूत कुठे बर्फ पडतो, मग ते कशाला, असा युक्तिवाद अजून ऐकू येतो. पण आपल्याला खरा उपयोग त्यात मिसळलेल्या गंजरोधकांचा. शिवाय उत्कलनबिंदू थोडा वर जातो, तो फायदा वेगळा. ही गंजरोधके काळाने संपतात. द्रव बदलायचा तो म्हणूनच. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकणे हा मात्र आपल्याकडचा खास शोध, आणि त्याचे कौतुक मला करता येत नाही. इंजिन मग नीट गरमच होत नाही आणि पेट्रोल अधिक पिते.

माझे मत असे. पुस्तिकेने दिलेल्या मुदतीला कूलंट बदलावा. धुणे मात्र वेगळे काम आहे. द्रव तांबूस किंवा गढूळ झाला असेल, आधीच्या मालकाने काय भरले ते ठाऊक नसेल, किंवा दोन जातींचे कूलंट एकत्र झाले असतील, तरच ते हाती घ्यावे. रंगावरून जात ठरवू नये. सर्व कंपन्यांना बांधील असा रंगांचा नियम नाही. द्रवावर तेलाची साय दिसली, तर दोष हेड गॅस्केटकडे असू शकतो आणि नुसते धुऊन तो जाणार नाही. वर्षानुवर्षे दुर्लक्षिलेल्या रेडिएटरात तीव्र रसायन घालायला मी धजणार नाही. कधी कधी जुनी पुटेच बारीक भोके बुजवून बसलेली असतात.

धुवायचेच तर इंजिन पूर्ण गार झाल्यावर. गरम असताना झाकण उघडले, तर उकळते पाणी अंगावर उडते. खालून द्रव काढावा, डिस्टिल्ड वॉटर भरावे, हीटर असल्यास पूर्ण गरमवर ठेवून इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवावे, गार होऊ द्यावे, पुन्हा काढावे. स्वच्छ पाणी येईपर्यंत हेच करावे. नंतर पुस्तिकेतल्या प्रमाणात कूलंट भरून आत अडकलेली हवा काढावी.

काढलेला द्रव गटारात, वाडीत किंवा खाडीत ओतू नये. ग्लायकॉल चवीला गोड असते, त्यामुळे कुत्रे ते चाटते, लहान मूलही चाटेल. शरीरात गेल्यावर ते मूत्रपिंडे निकामी करते. त्याचेच भावंड असलेले डायएथिलीन ग्लायकॉल १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमधून रुग्णांच्या पोटात गेले आणि १४ जण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमला गेला तो त्या प्रकरणात. जुना कूलंट झाकणाच्या डब्यात भरून, वर नाव लिहून, वापरलेले तेल गोळा करणाऱ्या गॅरेजाकडे द्यावा. पाण्याची किंवा सरबताची रिकामी बाटली त्यासाठी घेऊ नये.